मुकादमाला काय दिलं होतं

खिळेमामांना हे नाव कोणी दिलं ते आता कोणाला आठवत नाही, पण का दिलं ते त्यांच्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. मामा नालबंद. घोड्याचा पाय मांडीवर घेतला की सहा खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा, असं गेली पस्तीस वर्षं चाललेलं. दिवसातले निम्मे तास तोंड कामात, आणि उरलेल्या निम्म्या तासांत ते उघडायची सवयच राहिली नव्हती. कोणी काही विचारलं तर एक 'हूं' मिळे. घोड्याच्या मालकाने फारच पिच्छा पुरवला तर दोन. मामी, म्हणजे त्यांची बायको, सांगायची, "लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, माणूस लाजाळू आहे. दोन वर्षांनी कळलं की माणूस असाच आहे."

गावाच्या कडेला तबेल्यांची एक लांबलचक गल्ली होती आणि गल्लीच्या शेवटी मामांचं घर. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात भट्टी आणि ऐरण. मागे दोन खोल्या. त्यांच्याही मागे कुंपण घातलेलं अंगण. रस्त्यावरून घोडा चालत गेला की मामा मान वर न करता सांगत, मागचा डावा नाल सैल झालाय. आणि तो झालेला असे. घोड्याचं सगळं खुरात असतं, असं त्यांचं मत होतं. खुरातलं त्यांना खरोखरच सगळं कळत होतं. खुराच्या वर मात्र त्यांचं ज्ञान जसजसं चढत जाई तसतसं पातळ होई, आणि पोटापर्यंत पोचेस्तोवर त्यात फारसं काही उरत नसे. पण हे त्यांना सांगणार कोण?

सांगितलं होतं एकीने. जनावरांच्या दवाखान्यात चार वर्षांपूर्वी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. चणीने बारीक, आवाजाने खणखणीत. मामांकडे पत्र्याच्या एका जुन्या डब्यात वेदनेवरची पांढरी पूड असायची. दुखऱ्या पायाचा घोडा नाल ठोकू देत नाही, हातोडी पडली की लाथ झाडतो. म्हणून जुने नालबंद आधी एक चमचा पूड पाण्यातून पाजत, अर्धा-पाऊण तास थांबत आणि मग घोडा शहाण्यासारखा उभा राहिला की काम उरकून घेत. मामांच्या उस्तादानेही तेच केलं होतं. गेल्या वर्षी तबेलेवाल्या बाईंच्या एका घोडीला मामांनी अशीच पूड दिली आणि ठोकून मोकळे झाले. दोन दिवसांनी कळलं, घोडीच्या खुरात पू झाला होता आणि दुखणं झाकलं गेल्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तबेल्यासमोर मामांची हजेरी घेतली. "मामा, दुखणं म्हणजे घोड्याची बोली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याची जीभच बांधून टाकता आणि मग मला विचारता, याला काय झालंय. ही पूड आजच्या आज गटारात ओता."

"ओततो," मामा म्हणाले. पस्तीस वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं, तेही मुलीच्या वयाच्या माणसाने. त्यांनी निम्मी पूड ओतली. निम्मी राहू दिली.

आता मुकादमाबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट त्याच्यासाठी आहे.

मुकादम म्हणजे शिंगरू. तबेलेवाल्या बाईंच्याच घोडीला झालेलं, तांबूस रंगाचं, कपाळावर वाकडा पांढरा पट्टा. जन्मतःच त्याच्या पुढच्या पायांच्या शिरा आखडलेल्या होत्या. खूर टेकायचाच नाही, नुसता टोकावर उभा राहायचा आणि तोंडावर पडायचा. बाई व्यवहारी. त्या म्हणाल्या, सुई देऊन मोकळं करू या. मामा तिथे दुसऱ्या घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तोंडातले सहाच्या सहा खिळे तळहातावर काढले, हे बघूनच बाई चमकल्या. "मला द्या," मामा म्हणाले.

त्यांनी त्या शिंगरासाठी बोटाएवढे नाल घडवले. पुढे जीभ काढलेले, म्हणजे टोकावर भार आला की तीच जीभ खूर मागे रेटणार आणि शीर ताणली जाणार. दर दहा दिवसांनी खूर तासायचा, नाल बदलायचा, पट्ट्या बांधायच्या. सहा महिन्यांनी आईचं दूध तुटल्यावर शिंगरू मामांच्या अंगणात आलं, आणि वर्षाचं झालं तेव्हा चारही खुरांवर सरळ उभं राहिलं. त्या दिवशी मामा आपण होऊन गल्लीभर फिरले आणि ज्याला त्याला म्हणाले, "येऊन बघा." एवढंच. पण लोक येऊन बघून गेले.

नाव मामीने ठेवलं. मामा कामाला बसले की हा गडी पाठीमागे येऊन उभा राहायचा आणि मान वाकडी करून हातोडीकडे बघायचा. काम थांबलं की मामांच्या खिशातलं फडकं ओढायचा. मामी दोरीवर कपडे वाळत घालायला लागली की प्रत्येक कपडा हुंगून पास-नापास करायचा. "स्वतः काडीचं काम करत नाही आणि दिवसभर देखरेख," मामी म्हणाली. "मुकादम मेला." मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरात बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मामी मुकादमाशी बोलायची. तो तिचं निदान ऐकून तरी घ्यायचा. अडीच वर्षांचा झाला होता. पुढच्या हंगामात त्याला हलक्या गाडीला जुंपून बघायचं होतं.

तो आजारी पडला त्या सकाळी पहिल्यांदा मामीनेच बघितलं. सवा सात झाले असतील. चंदीचं घमेलं जसंच्या तसं होतं आणि मुकादम स्वतःच्या पोटाकडे वळून वळून बघत होता. मग पुढच्या पायाने जमीन खरवडली, गुडघे टेकले आणि आडवा होऊन लोळायला लागला. उठला, पुन्हा पडला. घामाने मान भिजलेली. मामांनी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या टोकाला एका अडलेल्या म्हशीपाशी होत्या. "तासाभरात पोचते," त्या म्हणाल्या. "लोळू देऊ नका. काही खायला घालू नका आणि औषध म्हणून काहीही देऊ नका."

तासभर म्हणजे किती, ते त्या सकाळी मामांना कळलं. मुकादम कण्हत होता. घोडा कण्हतो तेव्हा तो आवाज घशातून येत नाही, सगळ्या अंगातून येतो. दोरीने ओढून त्याला उभं करावं आणि त्याने चार पावलांवर पुन्हा बसावं. पस्तीस वर्षांत हजारो घोडे हाताखालून गेले, पण ते लोकांचे होते. शेवटी मामा शेडमध्ये गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले.

"डॉक्टरीणबाई येतायत ना?" मामी म्हणाली. "मग थांबा की."

"बघवत नाही मला."

"त्यांनी काही देऊ नका म्हटलंय."

मामांनी दोन मोठे चमचे पूड बाटलीत घातली. एक पुरतो हे त्यांना माहीत होतं. पण आज एकाने भागेल असं वाटेना. बाटली मुकादमाच्या गालात सारली, मान वर धरली आणि पाजली. डबा पुन्हा शेडमधल्या फळीवर, गंजक्या नालांच्या मागे गेला.

अर्ध्या-पाऊण तासाने मुकादम शांत झाला. आधी लोळायचं थांबला, मग कण्हायचं. उभा राहिला, मान खाली घालून. मामांच्या जिवात जीव आला. आणि नेमकी तेवढ्यात फाटकाशी दवाखान्याची गाडी लागली.

डॉक्टरीणबाईंनी हिरड्या बघितल्या, नाडी मोजली, नळी लावून पोटाच्या दोन्ही बाजू ऐकल्या. मग विचारलं, "काही दिलंय का याला? पूड, गोळी, काहीही?"

मामी दारात बादली घेऊन उभी होती. मामांनी तिच्याकडे बघितलं नाही. गेल्या वर्षीचा तो तबेला, ती जमलेली माणसं, तो खणखणीत आवाज, सगळं एका क्षणात त्यांच्यापुढे उभं राहिलं.

"नाही," ते म्हणाले. "पाणी पाजलं फक्त."

मामीने तोंडातून ब्र काढला नाही.

"लोळत होता म्हणालात ना? आता तर शांत दिसतोय." बाई पुन्हा खाली वाकल्या, पुन्हा ऐकलं. "आतडी मंद आहेत, पण नाडी तितकी वाईट नाही. वेदना तशीच राहिली असती तर मी याला आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात पाठवला असता, तिथे पोट उघडतात. अडीच तासांचा रस्ता आहे. पण हा आपला आपण सुधारतोय. वायू धरला असणार." त्यांनी सुई दिली, नाकातून नळी घालून तेल सोडलं. "चारा बंद. थोडं थोडं चालवा. पुन्हा दुखायला लागलं तर मिनिटभरही थांबू नका, मला फोन करा."

दुपारी एकच्या सुमाराला पुन्हा दुखायला लागलं, आणि या वेळी ते दुखणं सकाळच्यासारखं नव्हतं. मुकादमाने स्वतःला कुंपणावर फेकलं. घाम गळत होता, हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. बाई वीस मिनिटांत आल्या. हातमोजा चढवून त्यांनी मागून हात घातला, आणि त्यांचा चेहरा उतरला. इस्पितळाला फोन लावला, नाडी सांगितली, पलीकडचं ऐकलं आणि फोन खिशात ठेवला. "अडीच तास टिकणार नाही," त्या म्हणाल्या. "आतड्याला पीळ पडलाय, मामा. आत सगळं काळं पडत असणार."

मामा मुकादमाचं डोकं मांडीत धरून बसले होते.

"सकाळी इतका शांत कसा होता हा?" बाई म्हणाल्या. मामांना विचारलं नव्हतं. स्वतःशीच म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

तेव्हा सांगता आलं असतं. मामांच्या ओठांत एकही खिळा नव्हता. पण सकाळचं खोटं आता पाच तासांचं झालं होतं आणि त्याच्यावर मुकादम आडवा पडला होता. सांगून आता काय होणार, असं त्यांनी मनाला समजावलं. दोन वाजता बाईंनी शेवटची सुई दिली. मामी मानेवर हात ठेवून बसली होती. मुकादमाने एकदा पाय ताणले, ते सरळ केलेले, मामांनी तासून तासून जमिनीवर आणलेले पुढचे दोन पाय, आणि संपला.

त्यानंतर मामा बोलायला लागले.

गल्लीला हा मोठा धक्का होता. ज्या माणसाने आयुष्यभर 'हूं'वर भागवलं तो आता भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला धरून सांगत होता. दोनच मिनिटं पोट ऐकलं हो तिने. सकाळी हात घालून बघितलंच नाही. दुपारी घातला, सकाळी का नाही घातला? वायू म्हणाली, तेल पाजलं नि गेली. वेळेवर इस्पितळात धाडला असता तर वाचला नसता का? पहिल्या दिवशी बाईंनी दोन मिनिटं पोट ऐकलं होतं. आठवड्याने एक मिनिट झालं. दुसऱ्या आठवड्यात बाई फाटकातूनच बघून गेल्या होत्या. "मामा, तोंडातले खिळे संपले की काय?" तबेलेवाल्या बाई म्हणाल्या, पण त्यांनाही वाईट वाटत होतं. शिंगरू त्यांच्याच घोडीचं.

आणि यातली एक गोष्ट खरीच होती, हे वाईट. सकाळी हात घालून बघायला हवं होतं. मामा त्या एका खऱ्या गोष्टीला घट्ट धरून होते. बुडणाऱ्याने फळी धरावी तशी नव्हे, त्या फळीनेच कोणाचं तरी डोकं फोडायचं असावं तशी.

त्यांनी दवाखान्याला अर्ज करायचं ठरवलं. घरात अक्षर मामीचं चांगलं. कागद पुढे सरकवून मामा म्हणाले, "लिही."

"चष्मा सापडत नाही मला," मामी म्हणाली. चष्मा तिच्या डोक्यावर होता.

मामांनी स्वतःच लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरांत. हलगर्जीपणा, दुर्लक्ष, असे ऐकीव शब्द जमवले, आणि शेवटी लिहिलं: 'योग्य उपचार झाला असता तर माझं शिंगरू वाचलं असतं का, याचं उत्तर मला मिळावं.' थोरल्या डॉक्टरांचं पत्र आलं. चौकशी होईल, सोमवारी या. डॉक्टरीणबाईंना तोवर ताकीद मिळाल्याचं कानावर आलं. कोणी म्हणालं, त्या बदली मागतायत.

मामी या तीन आठवड्यांत रडली नाही. जेवण वाढायची, भांडी घासायची, अंगण झाडायची. मुकादमाची दावण तेवढी झाडायची नाही. त्याचा खरारा खुंटीवर होता, त्यात तांबूस केस अडकलेले होते. मामांशी ती कामापुरतं बोलायची. घरात आता न बोलणारी ती होती, आणि मामांना ते सहन होत नव्हतं. पण का गप्प आहेस, असं विचारायची त्यांची छाती नव्हती, कारण ते त्यांना माहीत होतं.

कामावरचा हातही गेला. एका दुपारी त्यांचा खिळा खुराच्या जिवंत भागात शिरला. घोडा ओरडला. नवशिक्या नालबंदाकडून होतं असं. मामांनी खिळा उपसला, त्याच्या टोकावरचं रक्त बघितलं आणि मालकाला म्हणाले, "आज राहू द्या." मग भट्टीपुढे बसून राहिले. काय करत होते? काही नाही. सकाळचे सवा सात मोजत होते. सवा सात ते साडेसात त्यांच्या हातात होते. साडेसातला त्यांनी बाटली हलवली.

शनिवारी सकाळी तबेलेवाल्या बाई स्वतः चालत आल्या. कधी यायच्या नाहीत, कोणाला तरी पाठवायच्या. धाप लागली होती. "मामा, माझा म्हातारा पांढरा घोडा लोळतोय. पोट धरलंय त्याने. तुमची ती पूड द्या."

मामा ऐरणीपाशी होते. हातातला सांडसा तसाच राहिला.

"डॉक्टरना बोलवा," ते म्हणाले.

"कोणाला, तिला? तुम्हीच तर तीन आठवडे सांगताय, तिला काही कळत नाही. दुसरा डॉक्टर यायला संध्याकाळ होईल. मला आठवतंय, तुमच्या पुडीने घोडा अर्ध्या तासात गप्प होतो. द्या लवकर, तडफडतोय तो."

"पूड नाही."

"आहे. तुमचा डबा मी बघितलाय." आणि बाई शेडमधल्या फळीकडे वळल्या. त्या अशाच होत्या, दुसऱ्याच्या घरात स्वतःच्या घरासारख्या वावरणाऱ्या. त्यांनी गंजके नाल बाजूला सारले आणि डबा काढला.

मामांनी तो हिसकावून घेतला. बाईंच्या हातातून, ओरबाडून. आयुष्यात ते बाईमाणसाशी असे वागले नव्हते. "गप्प होतो!" ते ओरडले. "गप्पच होतो तो. मुकादमही झाला होता."

बाई बघतच राहिल्या. मागच्या दारात मामी येऊन उभी होती, ओले हात पदराला पुसत.

"काही देऊ नका त्याला," मामा म्हणाले. "एक थेंब नाही. चला, मी येतो. आणि फोन करा तिला. तिलाच करा."

तबेल्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मामांकडे बघितलं, एकदाच, आणि नजर काढून घोड्यावर ठेवली. तबेल्यातल्या सगळ्यांना वाटलं आता काही तरी होणार, पण बाई आपल्या कामाला लागल्या. "काही दिलंय का याला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," तबेलेवाल्या बाई म्हणाल्या. "मामांनी देऊच दिलं नाही."

या वेळी डॉक्टरीणबाईंनी हात घालून बघितलं. बराच वेळ. मुकादमानंतर प्रत्येक घोड्याला त्या असंच करत असाव्यात. पीळ नव्हता. आतडं भरून तुंबलं होतं. नळी, तेल, सुई. दीड तासाने म्हाताऱ्या पांढऱ्याने लीद टाकली आणि सगळ्यांनी ती सोनं बघावं तशी बघितली. बाई नळावर हात धुवायला गेल्या. मामा त्यांच्या मागे गेले.

"त्या दिवशी मी पूड दिली होती," ते म्हणाले.

नळ चालू होता. बाईंनी तो बंद केला.

"किती?"

"दोन चमचे. मोठे."

"किती वाजता?"

"साडेसात."

बाईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते, काही तरी मोजत होत्या. मग त्या बोलल्या तेव्हा आवाज खणखणीत नव्हता, फाटलेला होता. "तीन आठवडे मी त्या सकाळची नाडी रोज आठवतेय. हात का नाही घातला, का नाही घातला, हेच चाललंय. मी माझ्या आईला सांगितलं, माझ्या हातून एक जीव गेला. घोड्याजवळ जायची भीती वाटायला लागलीय मला. मी तुम्हाला विचारलं होतं, मामा. पूड, गोळी, काहीही, असं नाव घेऊन विचारलं होतं."

"विचारलं होतं."

"मग?"

"तुमची लाज वाटली," मामा म्हणाले. "मागच्या वर्षी तुम्ही बोललात. मी डबा ओतला म्हणून सांगितलं होतं. तुम्ही पुन्हा बोलाल असं वाटलं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्याचसाठी."

बाई भिंतीला टेकल्या. मग मामा म्हणाले, "अर्ज मागे घेतो मी."

"मागे घेऊ नका," बाई म्हणाल्या. "सोमवारी या, आणि त्याच अर्जाखाली हेही लिहा. पूड किती, किती वाजता, सगळं. आणि मी सकाळी हात घातला नव्हता तेही राहू द्या. घालायला हवा होता. ते माझं आहे."

मामांनी मान हलवली. जायला वळले आणि पुन्हा थांबले. हा प्रश्न त्यांनी तीन आठवडे गल्लीतल्या प्रत्येकाला विचारला होता, अर्जात लिहिला होता. उत्तर ठाऊक असल्यासारखाच दर वेळी विचारला होता. आज पहिल्यांदाच त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि ते ऐकायची भीतीही वाटत होती.

"मी पूड दिली नसती," ते म्हणाले, "तर वाचला असता का?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. मामांनी ते मनातल्या मनात मागितलंही असेल. "मी आले तेव्हा तो तडफडत असता तर मी थांबले नसते," त्या म्हणाल्या. "नऊला निघाला असता, साडेअकराला टेबलावर. इतक्या लवकर पोचलेल्या घोड्यांतले दहातले सहा वाचतात. जास्त नाही, कमी नाही."

घरी आले तेव्हा मामी मागच्या अंगणात होती. ती दावण झाडत होती. मामा कुंपणाला धरून उभे राहिले आणि सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मामीने झाडणं थांबवलं नाही.

"दारात मीही उभी होते," ती म्हणाली. "तुम्ही खोटे पडाल म्हणून गप्प बसले. सोमवारी मीही येते. तेही लिहा अर्जात."

"तू काय केलंस?"

"काही नाही केलं. तेच लिहा."

मामा कुंपणाच्या खांबाला टेकून खाली बसले. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदाच रडत होते, आणि रडता रडता बोलत होते. सहा वाचतात म्हणाली, चार जातात. दहातले चार तसेही जातात, इस्पितळात नेले तरी जातात. तो त्या चारांतलाही असू शकतो. कोणाला माहीत? डॉक्टरलासुद्धा सांगता येत नाही. असू शकतो की नाही, तूच सांग.

मामीने झाडू खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं. मग ती त्यांच्याजवळ येऊन मातीत बसली आणि म्हणाली, "आपला त्या सहांतलाच होता."